बायकोला मी दोन दिसतो

आदल्या दिवशी लोकांनी वेबसाइटवर काय काय शोधलं ते रोज सकाळी दहाला चहाबरोबर वाचायचं, हा अनारकुलने घालून दिलेला नेम होता. बिश्केकमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीत माणसं मोजकीच. अनारकुल पानांची रचना करायची: काय वर, काय खाली, कुठलं अक्षर केवढं, कुठल्या चित्राला किती जागा. अझरेत ते सगळं संगणकावर उभं करायचा, आणि तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणायचा. मजकूर तपासायला डॉक्टर वेनेरा साग्यनोव्हना होत्या. तीस वर्षं साथरोगांच्या वॉर्डात काढलेली बाई, समोरच्याकडे नेहमी चष्म्यावरून बघायची. साध्या माणसाला आपल्या भाषेत, घरबसल्या, आजारपणाची खरी माहिती मिळावी म्हणून चार वर्षांपूर्वी हे काम सुरू झालं होतं.

सुरुवातीलाच अनारकुल एका गोष्टीसाठी हट्टाला पेटली होती. कोण विचारतंय, कुठून विचारतंय, याची नोंद ठेवायची नाही. "सासूला कळेल, गावात बभ्रा होईल, या धाकाने बाया विचारणारच नाहीत," ती म्हणाली होती. तिचं म्हणणं मान्य झालं. त्यामुळे लोकांनी लिहिलेले शब्द उरायचे, शब्दांपुढे वेळ उरायची, माणूस उरायचा नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बाहेर कोळशाच्या धुराने समोरची इमारतही दिसत नव्हती. अझरेतने तळलेल्या बोरसोकचा तुकडा चहात बुडवला आणि यादीवर नजर टाकून फिस्सकन हसला.

"हे ऐका, हे ऐका. काल दुपारी चार दहा. 'सलामातसिझबी. बायकोला मी दोन दिसतो. काय करू.'"

"शोधाच्या चौकटीत सलाम घातलाय?" अनारकुलने विचारलं.

"घातलाय ना! वर पूर्णविरामही दिलाय. एजे, बिचारीला एकच नवरा भारी होत असेल, आता दोन!"

"मग तिने एक विकावा," अनारकुल म्हणाली, आणि दोघं मनमुराद हसले. वेनेरा साग्यनोव्हना तेव्हा जिन्याखाली फोनवर होत्या. आपल्या वेबसाइटने त्या माणसाला उत्तर म्हणून काय दाखवलं, तेही अझरेतने वाचून दाखवलं: 'चष्म्याचा नंबर कधी तपासावा.' त्यावर आणखी एकदा हसणं झालं.

जागेवर जाऊन अनारकुल पुढची यादी चाळू लागली. सलाम घालून शोधणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता, म्हणून तिने गंमत म्हणून तोच शब्द पुढे शोधला. तो आणखी तीनदा आला होता.

काल संध्याकाळी सहा: 'सलामातसिझबी. तोंडाला कोरड पडली आहे. पाणी पिऊन भागत नाही.' उत्तर: मधुमेहाचं पान.

आज सकाळी सात: 'सलामातसिझबी. पापण्या वर होत नाहीत. झोपलेली नाही पण डोळे मिटतात.' उत्तर: शांत झोपेसाठी आठ सवयी.

आज नऊ चाळीस: 'सलामातसिझबी. चहा गिळला की नाकातून येतो. परत परत विचारतो, रागावू नका.' उत्तर: काही सापडले नाही.

अनारकुल डॉक्टर नव्हती. पण चार वर्षं दोनशे पानं तिच्या हाताखालून गेली होती, आणि हे सगळं एकाच पानावर ओळीने लिहिलेलं तिने वाचलं होतं. ती खुर्ची ढकलून उठली आणि वेनेरा साग्यनोव्हनांच्या टेबलापाशी जाऊन तिने चारही ओळी मोठ्याने वाचल्या.

वेनेरा साग्यनोव्हनांनी चष्मा काढला.

"ताप लिहिलाय कुठे?"

"नाही."

"शुद्धीत आहे?"

"असावी. नवरा दोन दिसतो हे तिनेच सांगितलं असणार."

"बोटुलिझम," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यासाठी भरून ठेवलेली बरणी. दुसरं काय असणार? काल दुपारपासून म्हणजे अठरा तास होऊन गेले. गिळता येईना म्हणजे आता पाळी श्वासाची. कुठे आहे ही बाई?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"आपण नोंद ठेवत नाही. मीच ठेवू दिली नाही."

वेनेरा साग्यनोव्हनांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "आपलं पान काढ."

पान होतं. संसर्गजन्य आजार, त्यात 'ब', त्यात 'बोटुलिझम'. सुरुवातीला जंतूचं लॅटिन नाव, मग त्याचा शोध कोणी लावला, मग कुठल्या तापमानाला तो मरतो. 'एकाच्या जागी दोन दिसणे' सातव्या परिच्छेदात. अनारकुलने दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, याचं नाव 'बरणीचं विष' ठेवू या. वेनेरा साग्यनोव्हनांनी, हे विज्ञान आहे, बाजारातली गप्पाष्टकं नव्हेत, म्हणून ते उडवून लावलं होतं.

पण सगळा दोष त्यांच्या माथी मारण्याची सोय अनारकुलला नव्हती. पूर्ण मजकुरात शोधलं की पानांची भलीमोठी यादी समोर येते आणि माणूस गांगरतो, म्हणून शोध फक्त शीर्षकांमध्ये चालावा, हे तिचं डोकं. पान कसं मोकळं, स्वच्छ दिसतं! त्या स्वच्छपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्या स्वच्छ पानावर सलाम घालून बोलणारा कोणी म्हातारा काल चारपासून दार ठोठावत होता आणि त्याला चष्म्याचा नंबर सांगितला जात होता.

"अझरेत!" तिने हाक मारली. "पहिलं पान रिकामं कर. सगळं काढ. चित्रं, रंग, सगळं."

"एजे, बाइकेंना विचारल्याशिवाय?" ज्यांना सगळे 'बाइके', म्हणजे दादा, म्हणायचे ते संचालक केनेशबेक ओशला गेले होते. फोन लागत नव्हता.

"त्यांना मी तोंड देईन. काढ तू."

"देशभरातले लोक उघडतील आणि हेच दिसेल."

"दिसू दे. आणि चौकटीत कोणी काहीही शोधलं तरी इथेच यायला हवं."

अझरेतच्या तोंडावरचं हसू कधीच मावळलं होतं. तो कामाला लागला. अनारकुलने लिहायला घेतलं आणि तिचा हात अडला. त्याच्याशी बोलायचं कसं? शेवटी त्याच्यासारखीच सुरुवात केली, पुढे वडीलधाऱ्या माणसाला लावायचा 'आक्साकाल' जोडला.

'सलामातसिझबी, आक्साकाल. बायकोला मी दोन दिसतो असं तुम्ही विचारलंत, ते मी वाचते आहे. हे बरणीतल्या अन्नाचं विष आहे. यावर औषध आहे, पण वेळ थोडा आहे. आत्ता रुग्णवाहिकेसाठी १०३ला फोन लावा. तिला खायला-प्यायला काही देऊ नका, घशात अडकेल. कुशीवर निजवा. त्या बरणीतलं कोणी खाऊ नका.' खाली कचेरीचा फोन नंबर.

अकराला पाच कमी असताना पान बदललं. पाचच मिनिटांत फोन वाजू लागला. तिघंही धावले.

एका बाईचा नवरा लग्नात दोन बाटल्या रिचवून आला होता आणि त्याला सगळं दोन दोन दिसत होतं. एका विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या दिवसापासून गिळायला त्रास होत होता. एक आजी विचारत होती, माझ्या काकडीच्या सात बरण्या आहेत, सातही फेकू का? वेनेरा साग्यनोव्हना प्रत्येकाला दोन वाक्यांत वाटेला लावत होत्या. दर वेळी फोन वाजला की अनारकुल कान लावायची, आणि दर वेळी तो दुसराच कोणीतरी निघायचा. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. म्हातारा आलाच नाही.

"कंटाळला असेल आपल्याला," अझरेत पुटपुटला. "मी असतो तर कालच कंटाळलो असतो."

बाराला दहा कमी असताना यादीत नवी ओळ उमटली.

'सलामातसिझबी. पोरी तू माझ्याशीच बोलतेस का.'

अनारकुलने धडाधड टाइप केलं, अझरेतने ते पानावर चढवलं: 'हो, तुमच्याशीच. १०३ला फोन लावलात का?'

ती डोळ्यांत प्राण आणून पडद्याकडे बघत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. अक्षरं एकेक शोधत टाइप करणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

'मला ऐकू येत नाही. खाणीत सुरुंग लावायचो, कान तिथे गेले. फोनवर कालिपा बोलते. आता तिची जीभ वळत नाही.'

वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी, लाल चौकटीत, अनारकुलने मोठ्या अभिमानाने एकच वाक्य ठेवलं होतं: शंका असल्यास फोन करा.

"कुठे आहेत विचार," वेनेरा साग्यनोव्हना म्हणाल्या. "लवकर!"

'आक्साकाल, आम्ही गाडी पाठवतो. तुम्ही कुठे राहता? तुमचं नाव काय? याच चौकटीत लिहा.'

'तोक्तोसुन. उझुन-बुलाकच्या वर हिवाळी गोठा आहे, तिथे. बर्फ पुष्कळ आहे. ती घोड्यावर बसू शकत नाही.' आणि लगेच दुसरी ओळ: 'पाणी मागते. डोळ्यांनी मागते. देऊ का.'

अनारकुलने वेनेरा साग्यनोव्हनांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"एक घोटही नको. श्वासनळीत जाईल."

"ओठ ओले करू दे?"

"ओल्या फडक्याने. तेवढंच."

तिने तसं लिहिलं. मग अझरेत नकाशावरून डोकं वर न करता म्हणाला, "एजे, उझुन-बुलाक तीन आहेत."

तिने पुन्हा विचारलं: कुठल्या जिल्ह्यातलं? या वेळी उत्तराला फारच उशीर लागला. आलं तेव्हा त्यात जिल्हा नव्हता.

'पोरी तुझी अक्षरं आता मलाही दोन दोन दिसतात. मी पण खाल्लं होतं. थोडंसं.'

त्यानंतर यादी थांबली. म्हणजे यादी वाहतच होती, पण त्याची ओळ येईना. तिने लिहून पाहिलं, मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं, जिल्ह्यांची तीन नावं देऊन एकावर बोट ठेवा म्हणून पाहिलं. काही नाही. बॅटरी संपली, की नेटवर्क गेलं, की डोळे मिटले, कळायला मार्ग नव्हता. वेनेरा साग्यनोव्हनांनी तिन्ही जिल्ह्यांच्या रुग्णालयांना फोन लावले. तिन्हीकडून एकच प्रश्न आला: आमच्याकडे कशावरून? बर्फात गाडी काढायची तर नक्की सांगा.

अनारकुल भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसली. ज्या माणसाला झाकून ठेवायला ती चार वर्षं झटली होती, त्यालाच आता तिला उघडं करायचं होतं, आणि तरी तो सापडत नव्हता. थोड्या वेळाने ती उठली आणि पानावर लिहिलं:

'हे वाचणाऱ्या सगळ्यांना. तोक्तोसुन नावाचे, पूर्वी खाणीत सुरुंग लावणारे, कानांनी अधू आक्साकाल आणि त्यांच्या पत्नी कालिपा, उझुन-बुलाकच्या वर हिवाळी गोठ्यावर आहेत. कुठलं उझुन-बुलाक? ज्याला ठाऊक असेल त्याने इथे लिहा.'

कोणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवला. मग चौकटीचा जणू चव्हाटा झाला. कोणी आशीर्वाद लिहिला, कोणी शिव्या हासडल्या, कोणी 'मी नारिनमध्ये आहे, गाडी आहे, सांगा' म्हटलं. एकाने बरणी भरायची आपल्या आईची पद्धतही लिहिली. अझरेत आणि अनारकुल एकेक ओळ डोळ्यांखालून घालत होते. पाऊण वाजता एक ओळ आली: 'तोक्तोसुन बहिरा आमच्या वरच्या गोठ्यावर आहे. मुलगा रशियात असतो. मी शाळेत शिकवते. नारिनकडचं उझुन-बुलाक. माझा नंबर लिहून घ्या.'

त्या शिक्षिकेने पुढचं अर्धं काम केलं. शाळा सोडून तिने दोन शेजाऱ्यांना उठवलं, ट्रॅक्टर काढायला लावला. नारिनहून विषावरचा उतारा घेऊन रुग्णवाहिका निघाली, गावापर्यंत आली, पुढे ट्रॅक्टरच्या मागे मागे चालली. बारा किलोमीटरला दोन तास लागले. चारला वीस कमी असताना शिक्षिकेचा फोन आला.

"पोचलो. दोघंही जिवंत आहेत."

अझरेतने टेबलावर डोकं ठेवलं आणि हमसून रडला. अनारकुलला रडू आलं नाही.

"कालिपा कशी आहे?" तिने विचारलं.

"डोळे मिटलेले आहेत, पण हात दाबला की दाबते. श्वास लागलाय. पिशवीने श्वास देत नेताहेत. आणि एजे, आक्साकाल तिच्याजवळ ओलं फडकं धरून बसले होते. तोंडाला लावायचे, काढायचे. आम्ही आलो ते त्यांना कळलंही नाही."

उतारा दोघांना दिला. पण तो नव्याने होणारी इजा थांबवतो, झालेली पुसत नाही, हे वेनेरा साग्यनोव्हनांनी अनारकुलला त्याच संध्याकाळी सांगून ठेवलं होतं. तोक्तोसुनने एक चमचाभर खाल्लं होतं. तो सावरत गेला. कालिपा यंत्रावर होती. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

संचालक त्याच दिवशी परतले. अनारकुल रागाला तोंड द्यायची तयारी करून बसली होती, पण केनेशबेक बाइके रागावले नव्हते.

"लोक आपल्याबद्दल बोलताहेत," ते म्हणाले. "वेबसाइटने माणूस वाचवला! म्हाताऱ्याचा फोटो मिळव, दोन शब्द मिळव. नाव, गाव, सगळं घालून छान निवेदन काढू. बायकोचं दुर्दैव, पण एक तरी वाचला ना?"

सोमवारी अनारकुल नारिनला गेली. फोटोसाठी नव्हे. का जातोय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

तोक्तोसुन उशाला टेकून बसला होता. रुंद हाडाचा, दाढी दोन बोटं वाढलेली. पापण्या अजून जड होत्या, त्यामुळे बघताना तो हनुवटी वर करायचा. तिने वहीवर लिहिलं: 'मी अनारकुल. चौकटीतून बोलत होते ती.' त्याने वही नाकाशी नेऊन वाचली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिने लिहिलं: 'तुम्ही सोमवारी चारला विचारलंत. आम्ही मंगळवारी दहाला वाचलं. आणि वाचून हसलो.'

त्याने ते वाचलं. पेन मागितलं. मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'ती पण हसली होती.' मग पुढे लिहिलं: 'तिने पाणी मागितलं. मी दिलं नाही. तू नको म्हणालीस. खरंच नको होतं का?'

अनारकुलला वाटलं, या प्रश्नासाठीच आपण इथवर आलो. 'खरंच नको होतं,' तिने लिहिलं. 'दिलं असतं तर गाडी यायच्या आत गुदमरली असती.' त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोने शेवटचं मागितलेलं पाणी आपण दिलं नाही, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं, आणि कागदावरच्या कुठल्याही वाक्याने ते हलणार नव्हतं.

मग त्याने वही ओढून घेतली.

'बरणी तिनेच भरली होती. वांगी आणि मिरच्या. गावभर तिच्या हाताची तारीफ व्हायची. ती चुकली असं कुठे लिहू नका. मेलेल्या बाईला नावं ठेवतील.'

अनारकुलने मान डोलावली. कालिपाचं नाव आपण आधीच देशभर टांगून ठेवलं होतं, हे सांगायचं धैर्य तिला झालं नाही. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं.

बुधवारी ती कामावर आली आणि संचालकांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"तोक्तोसुन आक्साकाल नको म्हणताहेत. निवेदन निघणार नाही, बाइके."

"म्हणजे? निवेदनावर सही माझी असते, अनारकुल."

"मग ते पानावर दुसऱ्या कोणाकडून चढवून घ्या. मी चढवणार नाही. अझरेतही नाही."

"एका म्हाताऱ्याने नको म्हटलं म्हणून?"

"हो."

केनेशबेक बाइकेंनी वेनेरा साग्यनोव्हनांकडे पाहिलं. शहाणपणाचं बोलेल तर हीच, असं त्यांना वाटत असावं. वेनेरा साग्यनोव्हना समोरच्या कागदावर काहीतरी खोडत होत्या.

"निवेदन काढायचंच असेल तर खरं काढा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "माझ्या पानावर सातव्या परिच्छेदात काय होतं, ते लिहा. माझं नाव घाला. कालिपाचं नको."

निवेदन निघालं नाही. संचालक महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

वेनेरा साग्यनोव्हना खोडत होत्या तो कागद बोटुलिझमच्या पानाचा होता. लॅटिन नाव गेलं, शोध लावणारा गेला. पहिली ओळ झाली: 'एकाचे दोन दिसतात? पापण्या जड? गिळता येत नाही? बरणीतलं खाल्लं होतं?' अझरेतने शोध पूर्ण मजकुरात चालेल असं केलं, आणि पान आता पूर्वीसारखं स्वच्छ दिसेना. फोन नंबराच्या बाजूला 'ऐकू येत नसेल तर इथे लिहा' अशी चौकट आली. तिच्यामागे कोणीतरी जिवंत माणूस बसलेलं हवं, म्हणून तिघांनी दिवस वाटून घेतले. रात्रीसाठी अजून कोणी मिळालेलं नाही, आणि रात्रीच्या ओळी सकाळीच वाचल्या जातात. ते अनारकुलला खात राहतं.

एप्रिलमध्ये रस्ता मोकळा झाल्यावर ती छापलेलं पान घेऊन गावोगाव निघाली. उझुन-बुलाकला मात्र ती गेली नाही, तिथे जायला तिला तोंड नव्हतं. कोचकोरजवळच्या एका घरात पाच बायका जमल्या. तिने त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईच्या हाती कागद दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. बाई वाचत गेली आणि चौथ्या ओळीला अडली.

"हे 'लक्षणं' म्हणजे काय गं?"

अनारकुलने पेन काढलं. "तुम्ही काय म्हणाल त्याला?"

"मी? मी म्हणेन, अंगात काय काय होतंय ते."

तिने शब्द खोडला, वर बाईचे शब्द लिहिले, आणि म्हणाली, "पुढे वाचा, आपा."